आवाज कुणाचा?

ज्या माणसाने हयातभर सरकारी दप्तरात बसून इंग्रजी मसुदे खरडले, त्याला निवृत्तीनंतर तरी त्या भाषेच्या जाचातून मोकळीक मिळावी अशी अपेक्षा बाळगण्यात काही गैर नाही. परंतु आमच्या इमारतीतील रहिवाशांची अशी दृढ समजूत आहे, की पेन्शन सुरू झाली म्हणजे माणूस सार्वजनिक मालमत्तेत जमा होतो, आणि त्याच्यापाशी जे काही शिल्लक असेल ते, मग ती शिडी असो, पाना असो किंवा इंग्रजी असो, मागेल त्याला विनातक्रार काढून देणे हे त्याचे उरलेल्या आयुष्यातील एकमेव कर्तव्य ठरते. समोरच्या बिऱ्हाडातील निवृत्त मामलेदारसाहेबांचे नातू, वय वर्षे दहा, हे एका करकरीत तिन्हीसांजेला आमच्याकडे अवतीर्ण झाले ते याच कर्तव्याची वसुली करण्यासाठी. हाती इंग्रजी शाळेची वही होती आणि तीत बाईंचे फर्मान होते, की ‘स्क्रीच’ या शब्दाचा अर्थ समजून घ्यावा, त्याच्या नात्यातले पाच शब्द शोधावेत, आणि प्रत्येक शब्द आपल्या घराच्या व शेजाराच्या प्रत्यक्ष अनुभवाला धरून वाक्यात योजावा.

“कर्कश आवाज,” मी तात्काळ निकाल दिला.

“कर्कश म्हणजे?”

“कर्कश म्हणजे कर्णकटू.”

“कर्णकटू म्हणजे लाऊड?”

“लाऊड निराळा. ढग गडगडतो तो लाऊड, पण त्याला कोणी कर्कश म्हणत नाही. कर्कश आवाज लहानसुद्धा असू शकतो.”

“मग करून दाखवा ना, आजोबा.”

शिक्षणाच्या कामी संकोच धरू नये या तत्त्वाला स्मरून मी घसा साफ केला आणि जो स्वर काढला त्याचे यथातथ्य वर्णन करणे मला शक्य नाही, कारण तो काढीत असताना माझे डोळे मिटलेले होते. ते उघडले तेव्हा दारात सौभाग्यवती हातात उलथने घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यामागे अनवाणी धावत आलेले मामलेदारसाहेब धापा टाकीत होते, आणि खालच्या अंगणातील कुत्रे, ज्याने आजवर चोरांच्या बाबतीतही तटस्थ धोरण स्वीकारले होते, ते अखंड भुंकत होते.

“विंचू का?” मामलेदारसाहेबांनी विचारले.

“स्क्रीच,” नातू म्हणाला, आणि त्याने वहीत काहीतरी टिपून घेतले.

इंग्रजांनी हे प्रकरण फार पूर्वीच दप्तरी लावून ठेवलेले आहे. पीटर मार्क रॉजे नावाचा एक वैद्य, वैद्यकीचा आणि रॉयल सोसायटीच्या चिटणिशीचा व्याप आटोपल्यावर, पेन्शनराने करू नये ते करून बसला, म्हणजे इतरांच्या शब्दांत पुरते लक्ष घालू लागला. आणि 1852 साली, वयाच्या 73व्या वर्षी, त्याने समानार्थी शब्दांचा जो कोश प्रसिद्ध केला, त्यात सृष्टीतील यच्चयावत कल्पनांची एक हजार कलमांत वाटणी करून त्यांपैकी 410वे कलम कर्कश आवाजांना लावून दिले. 411व्या कलमात माणसांची आरडाओरड आहे, 412व्यात जनावरांचे ओरडणे आहे, आणि 413व्या कलमात एकदम स्वरमाधुर्य सुरू होते. यावरून कर्कशपणा आणि संगीत यांच्यामध्ये फक्त माणसे आणि जनावरे आडवी आलेली आहेत असा जो निष्कर्ष निघतो, तो मी वरच्या मजल्यावर राहून व्हायोलिन शिकणाऱ्या बँक-अधिकाऱ्याच्या कानी घातला असता तो बराच वेळ गंभीर झाला, आणि आपण या दोहोंपैकी कोणत्या कलमात येतो हे न विचारताच निघून गेला.

त्या 410व्या कलमातील व त्याच्या आसपासची मंडळी, म्हणजे स्क्रीच, स्क्रीम, श्रीक, स्क्वील, स्क्वीक, स्क्वॉक, क्रीक, अशी आहेत की दात आवळल्यावाचून यांतला एकही शब्द धडपणे बाहेर पडत नाही. शिवाय गावगाड्यात ज्याप्रमाणे कुंभाराचे काम लोहाराने करू नये असा दंडक असे, त्याप्रमाणे या शब्दांचीही वतने ठरलेली आहेत. घुबडाने स्क्रीच करावे, डुकराने स्क्वील, उंदराने स्क्वीक, पोपटाने स्क्वॉक आणि दाराच्या बिजागरीने क्रीक. वतन म्हटले की वहिवाटीचे तंटे आलेच. शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये घुबड आपल्या सनदेप्रमाणे स्क्रीच करते, पण ‘मॅकबेथ’मध्ये खुनाच्या रात्री तेच घुबड श्रीक करते, आणि एवढ्या मोठ्या नाटककाराविरुद्ध अर्ज करण्याची हिंमत कोणाला झालेली दिसत नाही. अमेरिकेत तर ज्या घुबडाच्या नावातच स्क्रीच आहे ते मुळी किंचाळतच नाही. ते कापऱ्या आवाजात खिंकाळते, आणि खरे किंचाळणारे जे गव्हाणी घुबड, ते बिचारे तिकडे कोठाराच्या नावाने ओळखले जाते. पद एकाचे आणि काम दुसऱ्याचे हा प्रकार केवळ आमच्याच कचेरीत होता असे मी इतकी वर्षे समजत होतो.

पुढे चौकशी वाढविली तेव्हा असे आढळले, की इंग्रजी वर्तमानपत्रांत मोटारींखेरीज संसदेचे कामकाज, दोन राष्ट्रांतील वाटाघाटी आणि प्रसंगी सबंध अर्थव्यवस्था, म्हणजे ज्यांना चाके नाहीत आणि ब्रेकही नाहीत अशा वस्तूदेखील, स्क्रीच करीत थांबतात. कॅनडातील न्यूफाउंडलंडकरांनी यावर कडी केली आहे. त्यांच्याकडे स्क्रीच नावाची रम मिळते, आणि परमुलखातून आलेल्या पाहुण्याला ती पाजून, वर एका कॉड माशाचे चुंबन घ्यावयास लावून, त्याला मानद न्यूफाउंडलंडकर करून घेण्याचा समारंभ तेथे होत असतो. ही माहिती मी नातवापासून राखून ठेवली आणि मामलेदारसाहेबांना दिली. ते मूळचे मालवणचे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि “मासा ताजा असतो का?” एवढेच विचारले.

मराठीत या बाबतीत दारिद्र्य असेल असे कोणी समजू नये. अमरसिंहाने वस्त्रांच्या व पानांच्या सळसळीला मर्मर आणि दागिन्यांच्या आवाजाला शिंजित अशी स्वतंत्र नावे संस्कृतात नोंदवून ठेवली, पण त्याच्या भोवतालचे एकंदर जीवन फार तलम असावे. घाटात उलटी येऊ लागलेली एस. टी. करकचून ब्रेक लावते तेव्हा काय होते हे त्याला ठाऊक असण्याचा संभव नव्हता. ती उणीव आमच्या आज्यापणज्यांनी भरून काढली. त्यांनी नुसती एक वेलांटी, एक उकार किंवा फार तर एक अक्षर इकडचे तिकडे केले आणि जोड्यांची करकर, पाळण्याची कुरकुर, रातकिड्यांची किरकिर, खवणीची खरखर आणि जात्याची घरघर असे एकेक प्रकरण निकालात काढले. मात्र इंग्रज जसा आवाज कोणत्या प्राण्याने केला हे पाहून शब्द देतो, तसे आमच्याकडे होत नाही. आमच्याकडे तो आवाज आपल्यापैकी कोणी केला की शेजाऱ्यांपैकी, हे आधी पाहतात. मी बोललो तर माझा आवाज खणखणीत असतो. तुम्ही बोललात तर तो मोठा असतो. आणि आपल्या दोघांच्या पाठीमागे जो बोलला त्याचा आवाज भसाडा असतो. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मुळात ज्या गृहस्थाने प्रथम उच्चारली त्याच्या भिंतीपलीकडे बाब्या रडत होता की कार्टे, याचा छडा अद्याप लागलेला नसला तरी मला त्याबद्दल संशय नाही.

ज्या करकरीमुळे दार सुताराच्या हवाली होते, त्याच करकरीसाठी कोल्हापुरी वहाणांना लोक कौतुकाने पैसे मोजतात, आणि पाटलांच्या वहाणा चावडीपाशी पाटलांच्या आधी पोहोचल्या तर त्यात पाटलांचा रुबाब दिसतो. नोट करकरीत निघाली म्हणून कोणी कानांवर हात ठेवल्याचे ऐकिवात नाही. फार कशाला, पहाटे खिडकीशी ओरडणारा मोर ज्याने एकदा प्रत्यक्ष ऐकला आहे, त्याला त्या आवाजात आणि मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यावर होणाऱ्या आवाजात फरक करण्यास अवधी लागतो. परंतु पिसारा पाहून संस्कृत कवी विरघळले, त्या ओरडण्याला केका असे नाजूक नाव मिळाले, आणि आमच्या मोरोपंतांनी देवाची करुणा भाकणाऱ्या आपल्या काव्याला ‘केकावली’ म्हटले. टिटवीला पिसारा नाही, म्हणून तिच्या ओरडण्याने घरात अशुभ होते.

असो. वहीतील फर्मानाप्रमाणे वाक्ये प्रत्यक्ष अनुभवाला धरून हवी होती, सबब दुसऱ्याच दिवशी आम्ही इमारतीची पाहणी सुरू केली. पुढे नातू वही घेऊन, मागे मी विजेरी घेऊन. आणि पहिला मुक्काम आमच्याच स्वयंपाकघराच्या दारापाशी. मी त्याला समजावून दिले, की बिजागरीतील लोखंडाचे दोन पृष्ठभाग एकमेकांना क्षणभर चिकटतात, जोर वाढला की सुटून घसरतात, पुन्हा चिकटतात आणि पुन्हा घसरतात, आणि हा रुसवा-समेट एका सेकंदात शेकडो वेळा झाला म्हणजे जे कानी येते ती कुरकुर. व्हायोलिनच्या तारेवर राळ लावलेला गज फिरतो तेव्हाही याहून निराळे काही घडत नाही. हे सर्व दार उघडे ठेवून सांगत असल्यामुळे ते जिन्यातही ऐकू जात होते, आणि बँक-अधिकारी नेमके त्याच वेळी खाली उतरत होते.

“म्हणजे माझं व्हायोलिन आणि तुमच्या स्वयंपाकघराचं दार एकच, असंच ना?”

“तत्त्व एकच,” मी म्हणालो. “दाराला रियाज लागत नाही, एवढाच फरक.”

त्यांचा रियाज तोवर संध्याकाळचा असे. त्या दिवसापासून तो पहाटेचा झाला.

बिजागरीची कैफियत लिहून झाल्यावर तिचा बंदोबस्तही करून टाकावा म्हणून मी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणली, तो सौभाग्यवती कडाडल्या.

“खबरदार त्या दाराला तेल घालाल तर!”

“अगं, पण किती कुरकुरतंय!”

“कुरकुरू दे. नाहीतर रात्री तुम्ही लाडवांच्या डब्याशी जाता, ते मला कळणार कसं?”

मधुमेहाच्या पथ्यावर असलेल्या माणसावर घरात पाळत असणार हे मी गृहीत धरून होतो, पण या खात्याचा कारभार इतकी वर्षे त्या बिजागरीकडे होता याची मला कल्पना नव्हती. नातवाने विचारले, “आजोबा, आजी आत्ता बोलल्या ते स्क्रीच की श्रीक?” मी विजेरी विझवून त्याला पुढच्या खोलीत नेले.

पुढचा शब्द घासण्याच्या आवाजाचा होता. त्यासाठी जेवणाच्या टेबलाची खुर्ची फरशीवरून भिंतीपर्यंत ओढून पाहिली, आणि आवाज वहीत उतरण्याइतका स्पष्ट आला नाही म्हणून परत ओढून आणली. तो खालच्या मजल्यावरील प्राध्यापिकाबाई एक जाडजूड नोंदवही घेऊन वर आल्या. आमच्या घरातून त्यांच्या छतावर जे जे आवाज झाले त्यांची तारीखवार, वेळवार नोंद त्यांनी इतक्या शिस्तीने ठेवली होती, की असा कारकून मला नोकरीत एकही लाभला नाही.

“हे पाहा. सोमवार, रात्री सव्वादहा: पाट आपटला. मंगळवार, दुपारी: वरवंटा, किंवा माणूस, पडला. बुधवार, पहाटे पाच: खलबत्ता.”

“बाई, पहाटे पाचला आम्ही गाढ झोपेत असतो.”

“मग ते तुमचं घोरणं,” त्या म्हणाल्या, आणि ‘खलबत्ता’ खोडून त्यांनी पुढे व्यवस्थित दुरुस्ती केली.

दरम्यान मी घरी बसून शास्त्रीय साधने जमवीत होतो, कारण कर्कश कशाला म्हणावे याचा निर्णय शेजाऱ्यांवर सोपविला तर इमारतीत एकही वस्तू मौनावाचून सुटणार नाही हे दिसून चुकले होते. 1986 साली अमेरिकेत हाल्पर्न, ब्लेक आणि हिलेनब्रँड या त्रयीने बागेत वापरण्याचे तीन दात्यांचे अवजार दगडी पाटीवरून ओढले, तो आवाज स्वेच्छेने आलेल्या माणसांना ऐकविला, आणि त्यातील उंच कंपनांचा भाग गाळून टाकला तरी ऐकणाऱ्यांचे दात आंबायचे थांबत नाहीत असे सप्रमाण दाखविले. खोट होती ती मधल्या व खालच्या पट्टीतल्या कंपनांत. हा आवाज मकाक जातीच्या माकडांच्या धोक्याच्या इशाऱ्यासारखा आहे, तेव्हा शहारा ही आपल्या पूर्वजांनी मागे ठेवलेली इस्टेट असावी असाही त्यांनी तर्क केला. या संशोधनाला 2006 साली इग् नोबेल पारितोषिक मिळाले, जे आधी हसविणाऱ्या आणि मग विचार करावयास लावणाऱ्या कामांसाठी असते. मामलेदारसाहेबांना हे सांगितले तेव्हा ते हसलेही नाहीत आणि विचारातही पडले नाहीत. “आमचे गुरुजी वर्ग गप्प करायला पाटीवर नखंच ओढायचे,” ते म्हणाले. “त्यांना कुणी नारळसुद्धा दिला नाही.”

2012 साली इंग्लंडातील न्यूकॅसलच्या संशोधकांनी 13 जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात निजवून त्यांना नाना आवाज ऐकविले आणि ते नावडतेपणाच्या क्रमाने लावले. बाटलीवर घासलेल्या सुरीने पहिला क्रमांक पटकावला, पेल्यावर घासलेला काटा दुसरा आला, फळ्यावरचा खडू तिसरा, सायकलच्या किंचाळणाऱ्या ब्रेकला आठवा क्रमांक मिळाला, रडणारे मूल नववे, आणि विजेवर चालणारे ड्रिल दहावे. सर्वांत कमी त्रास ज्यांचा झाला त्यांत वाहते पाणी, मेघगर्जना, हसणारे मूल आणि टाळ्या हे आवाज होते. टाळ्यांचे नाव वाचून आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, ज्यांना भाषणाची हौस आहे, त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला.

ड्रिलचा दहावा क्रमांक मला विशेष उपयोगाचा वाटला होता, कारण आमच्या डोक्यावर दोन मजले सोडून एका तरुण जोडप्याने घराचे नूतनीकरण काढलेले असून, त्या घरातील भिंतींना आता अधिक भोके पाडली तर त्यांना जाळी म्हणावे लागेल अशी स्थिती आहे. मी अभ्यासपूर्वक तो कागद त्या गृहस्थांपुढे ठेवला. त्यांनी तो लक्षपूर्वक वाचला.

“काका, म्हणजे नऊ आवाज आमच्याहून वाईट आहेत.”

“तसं ते म्हणतात खरं.”

“मग आधी त्यांच्याकडे जाऊन या ना.”

या मुद्द्याला उत्तर देणे मला त्या वेळी सुचले नाही, आणि सुचले असते तरी ते ऐकू गेले नसते. हा सर्व प्रकार दुपारी दोन वाजता चालला होता, हे पुण्याबाहेरच्या वाचकांनी ध्यानात घेतले म्हणजे त्याचे गांभीर्य त्यांना कळेल. केंद्र सरकारचे 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम मी मुळातून वाचले आहेत. त्यांत निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे, रात्र म्हणजे दहा ते सहा अशी व्याख्या आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र राखण्याची तरतूद आहे; पण ज्या वेळात या शहरातील दुकानदार गिऱ्हाइकाला ओळख दाखवीत नाही आणि पोस्टमन दुसऱ्यांदा घंटा वाजविण्यास धजत नाही, त्या एक ते चार या वेळेचा उल्लेख नियमांत कोठेही आढळत नाही. मसुदा करणारा अधिकारी परगावचा असला पाहिजे, आणि दुपारी जागा.

गृहपाठ शाळेत गेला. त्याला पूर्ण गुण मिळाले, वर ‘उदाहरणे जिवंत आहेत’ असा बाईंचा शेरा मिळाला, आणि मातोश्रींनी अभिमानाने त्या पानाचे छायाचित्र इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर धाडले. तेथून पुढील अनर्थाला आरंभ झाला, कारण मुलाने बाईंची आज्ञा अक्षरशः पाळली होती. घुबड आणि समोरचे आजोबा स्क्रीच करतात, असे पहिलेच वाक्य होते. स्वयंपाकघराचे दार क्रीक करते आणि लगेच आजी श्रीक करतात, हे दुसरे. वरचे काका पहाटे व्हायोलिनवर स्क्वील करतात. खालच्या मावशींची चप्पल वही घेऊन वर येताना स्क्वीक करते. सेक्रेटरीकाका माईक नसतानाही स्क्वॉक करतात. स्वतःच्या आजोबांना मात्र त्याने वगळले होते. मामलेदारसाहेब ही गोष्ट पुढे बरेच दिवस निष्पक्षपातीपणाचा दाखला म्हणून सांगत असत.

संध्याकाळपर्यंत एकेक जण आमच्याकडे येऊन गेला, कारण मुलाला शब्द मी पुरविले ही वार्ता फुटली होती. प्राध्यापिकाबाई म्हणाल्या, “व्हायोलिनचं मुलानं किती अचूक टिपलंय हो! फक्त माझ्या चपलेचं तेवढं चुकलं. ती वाजत नाही, नवी आहे.” बँक-अधिकारी म्हणाले, “चपलेचं आणि सेक्रेटरींचं अगदी बरोबर. पण व्हायोलिनला स्क्वील म्हणणं म्हणजे वाद्याविषयी अज्ञान.” सेक्रेटरी म्हणाले, “बाकी वाक्यं व्याकरणशुद्ध आहेत. माझ्या वाक्यात क्रियापद चुकलंय.” सौभाग्यवतींनी तर दुसरे वाक्य आपल्याविषयी आहे हेच मान्य केले नाही, त्यांच्या मते वर्गातील दुसऱ्या कोणा मुलाच्या आजीचा उल्लेख लिहिण्याच्या ओघात इकडे आला असावा. पहिल्या वाक्याबद्दल माझे स्वतःचे म्हणणे असे, की तो आवाज मी उदाहरणादाखल, सेवाभावाने आणि विनंतीवरून काढला होता, सबब तो माझ्या खाती मांडता येत नाही. घुबडाला मात्र कोणी विचारले नाही.

अखेर सेक्रेटरींनी ‘इमारतीतील ध्वनीबाबत साधकबाधक विचार’ या एकाच विषयावर विशेष सभा बोलाविली आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम अर्थातच माझ्या गळ्यात पडले. वाहनतळावर मोटारी हलवून खुर्च्या मांडल्या होत्या. हजर सभासद एका रिक्षात मावले नसते इतकेच होते. तरीही सेक्रेटरींनी भाड्याने ध्वनिक्षेपक आणविला होता, तो पुढे लागेल म्हणून. अध्यक्षस्थानी मामलेदारसाहेबांची योजना झाली. त्यांनी “बंधुभगिनींनो” म्हणण्यासाठी तोंड उघडले मात्र, त्या यंत्रातून अशी एक किंकाळी निघाली की पार्किंगमधील दोन मोटारींचे भोंगे आपणहून वाजू लागले. ध्वनिग्राहक आपल्याच कर्ण्यातून आलेला आपलाच आवाज ऐकतो, तो त्याला पुरेसा वाटत नाही, म्हणून तो थोडा मोठा करून परत पाठवितो, आणि तो परत आला की पुन्हा अधिक मोठा करतो. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ लार्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम यंत्रातच काय तो दिसतो असे कोणी म्हणेल, तर त्याने आमच्या सभेला यावयास हवे होते. बँक-अधिकाऱ्यांनी आपले म्हणणे मांडले, ते कोणाला पटलेले दिसले नाही म्हणून त्यांनी तेच अधिक मोठ्याने मांडले. प्राध्यापिकाबाईंनी त्यावर नोंदवहीतून तारखा वाचण्यास सुरुवात केली. नूतनीकरणवाले “नऊ आधी, मग आम्ही” एवढाच धोशा धरून बसले. आणि नातू मागच्या रांगेत खुर्चीवर उभा राहून, वही उघडी ठेवून, टाक सरसावून होता.

ठराव करावा यावर एकमत झाले, पण त्यात शब्द कोणता घालावा यावर गाडी अडली. मी ‘कर्कश आवाज’ असा मसुदा वाचून दाखविला, त्याला व्हायोलिनच्या बाजूने हरकत आली. ‘मोठा आवाज’ म्हटले, तर सौभाग्यवतींनी प्रेक्षकांतून माझ्याकडे पाहिले. ‘अनावश्यक आवाज’ या शब्दप्रयोगावर सेक्रेटरी उठून उभे राहिले आणि यात व्यक्तिगत रोख आहे काय, असे विचारू लागले. शेवटी ‘इतरांचे आवाज’ असा शब्द कोणीतरी सुचविला. तो मात्र सर्वांनी टाळ्यांच्या गजरात, त्या न्यूकॅसलच्या यादीप्रमाणे अत्यंत निरुपद्रवी अशा गजरात, मंजूर केला. त्याच क्षणी वरचे ड्रिल सुरू झाले, कारण कारागीर सभेचे सभासद नव्हते. मी लेखणी थांबवून अध्यक्षांना खुणेने विचारले, आता शेवटी काय लिहू? मामलेदारसाहेब जवळ आले, दोन्ही हातांची ओंजळ करून त्यांनी माझ्या कानाला लावली, आणि मालवणच्या किनाऱ्यावरून तारवावरच्या माणसाला हाक घालावी तशा आवाजात ओरडले,

“लिहा! सभा शांततेत पार पडली!”